भिजल्यावरचं वजन

आमच्या दूध संस्थेचा स्लॅब माझ्या वडिलांनी टाकला होता. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गाव मिस्त्री म्हणायचं. आष्टीकडच्या आमच्या चार-पाच गावांत मिस्त्रींचा स्लॅब गळत नाही, ही सोयरिकीत सांगायची गोष्ट होती. मुलीकडचे लोक घर बघायला आले की मुलाचा बाप आधी वर बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "मिस्त्रीचं काम हाय." मग मुलगा काय करतो हे विचारायचं राहूनच जायचं. अशा भरवशावर आमच्याकडचे तीन-चार रिकामटेकडे नवरदेव खपले, त्यांचं पाप अण्णांच्या खात्यावर.

मी त्या संस्थेची सेक्रेटरी होते. कृषी पदविका झाली होती, लग्न ठरत नव्हतं. तोंडामुळं ठरत नाही असं आई म्हणायची. तिचं बरोबर असावं, कारण स्वतःचा स्लॅब असलेल्या गवंड्याच्या पोरीला नकार यायला दुसरं काही कारण सापडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. दूध संस्थेच्या स्लॅबमध्ये सळई कमी होती. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं दोघांनाच, अण्णांना आणि आमच्या चेअरमनना. तुम्हाला आत्ताच सांगायचं कारण इतकंच, की पुढं जे घडलं त्यात मी अण्णांच्या तोंडाकडं नीट बघितलं नाही. तुम्ही तरी बघा.

दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. ऊसच नसल्यामुळं तोडीला गेलेल्या टोळ्या हात हलवत परत आल्या होत्या. निम्मी गुरं चारा छावणीत, निम्मी दारात हाडं मोजत उभी. तरी बायका दूध आणायच्या. कुणी किटलीत, कुणी बरणीत, कुणी लोट्यात, आणि ते सुद्धा पदराखाली झाकून, जणू काही चोरून आणलंय. पूर्वी आम्ही दुधाचे कॅन पाण्याच्या हौदात उभे करायचो. दुधाचा टँकर संध्याकाळी आला तरी ते शाबूत राहायचं. आता हौद कोरडा ठणठणीत. दुधाचा फॅट मोजायला ठेवलेला आमचा फॅट काढणारा त्यात दुपारी उतरून झोपायचा, तिथं म्हणे जरा गार लागतं. वर स्लॅब तापायचा, खाली खोलीची भट्टी व्हायची आणि कॅनमधलं दूध टँकर यायच्या आधी फुटायचं.

दूध संघाचा माणूस आला. त्यानं कॅनचं झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं. म्हणाला, "आणखी महिनाभर बघतो. न्हाईतर हे केंद्र बंद. बायांनी पलीकडच्या गावाला दूध घालावं." पलीकडचं गाव म्हणजे उन्हातून तासाभराची चाल. अर्धा लिटर दूध घेऊन तासभर चालायचं आणि तासभर परत यायचं. त्यापेक्षा म्हशीला सांगितलेलं बरं, की बाई, तूच पी.

स्लॅब गार करायचे उपाय सुरू झाले. आधी चुना मारला. आठ दिवसांत वावटळीनं त्यावर धुळीचा असा थर बसवला की चुना कुठं आणि गाव कुठं कळेना. मग ओली गोणपाटं. त्यांना पाणी लागतं, आणि पाणी असतं तर हौदच भरला असता. एका शहाण्यानं सुचवलं, वर कडबा अंथरा. त्या दिवशी त्याला मार बसायचाच बाकी राहिला. जनावरं उपाशी आणि हा कडबा उन्हात वाळत घालणार.

मग मी माझी हुशारी काढली. पदविकेच्या वर्षी आमची सहल शहरात गेली होती, तिथं एका बंगल्याच्या छतावर वीतभरही नाही अशा थरात जाड पानांची झाडं लावलेली बघितली होती. खाली खोली गार. पाणी आठ-पंधरा दिवसांतून एकदा. म्हटलं, आपल्याकडं पानफुटी आहे, कोरफड आहे, चिनी गुलाब तर प्रत्येक न्हाणीच्या बाजूला पसरलाय. घोळ तर न लावता येते, तिला कोण थांबवणार? कॅन विसळलेलं पाणी रोज निघतंच, तेवढ्यावर जगतील.

चेअरमनना कल्पना लगेच आवडली. झाडांचं प्रेम त्यांना कधी नव्हतं, पण पेपरात फोटो येईल हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ते म्हणाले, "सेक्रेटरीबाई, ठराव घ्या."

मी घरी येऊन अण्णांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. अण्णा भाकरी कुस्करत होते. त्यांचा हात थांबला. म्हणाले, "वर काय घालणार?"

"माती."

"किती?"

"चार बोटं."

ते परत कुस्करायला लागले. भाकरीचा पार भुगा झाला तरी कुस्करत राहिले. मला वाटलं, चेअरमनशी त्यांचं पटत नाही म्हणून रुसलेत. अण्णा आणि चेअरमन एकमेकांशी बोलायचे नाहीत हे गावाला ठाऊक होतं. कारण कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. आमच्याकडं न बोलणं ही एवढी साधी गोष्ट आहे की तिला कारण लागत नाही.

सभा भरली. झाडांखाली घालायला सगळ्यांत हलकं काय, हे ठरवायला सरकी पेंडीचा वजनकाटा मध्ये ठेवला आणि ज्यानं त्यानं आपापला माल आणला. एकजण तुरीचं भुसकट घेऊन आला. त्याला बायकांनी दारातूनच परत लावलं. दुसऱ्यानं भुईमुगाची टरफलं आणली. वजनाला काहीच नाहीत, पण वाळवी आठ दिवसांत जेवून हात धुवेल, हे मी सांगितलं. फॅट काढणाऱ्यानं कुठल्या तरी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कुस्करून आणला. तो काट्यावर घातला आणि दारातून वारा आला. पुढचे दोन दिवस आम्ही दुधातून थर्माकोल वेचत होतो.

चेअरमननी शहरातून नारळाच्या भुशाची वीट आणली होती. वाळलेली, दाबलेली, हातावर घेतली तर घेतल्यासारखी वाटेना. त्यांनी ती सगळ्यांच्या हातात फिरवली, नव्या बाळासारखी. शिवाय रानातली माती. पार भेगाळलेल्या काळ्या रानातली ढेकळं, आत हवाच हवा. काट्यावर तीसुद्धा बेतात भरली. मग ठरलं, निम्मी आपली काळी माती, निम्मा नारळाचा भुसा. प्रत्येक सभासदानं आपापल्या रानातून एक एक घमेलं माती आणायची, म्हणजे सगळ्यांचा हात लागेल.

अण्णा दाराबाहेर उभे होते. ते सभासद नव्हते. त्यांनी तिथूनच आवाज दिला, "भिजवून जोखा."

चेअरमन हसले. "भिजवायला पाणी कुठाय, मिस्त्री? अन् भिजणार कवा? तिसरं वरीस हाय. ढग म्हणून बघाया मिळाला न्हाई."

सगळे हसले. मीही हसले, हे लपवण्यात अर्थ नाही. ठराव एकमतानं पास झाला आणि मी तो माझ्या चांगल्या अक्षरात लिहिला. आता वाचते तेव्हा कळतं आम्ही काय केलं होतं. पाऊस पडणार नाही, हे आमच्या संस्थेनं एकमतानं मंजूर केलं होतं. सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर अंगणात अण्णांनी पाच पत्र्याचे डबे मांडलेले. सगळे एका मापाचे, प्रत्येकाच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेली. एकात काळी माती, एकात मुरूम, एकात मी सभेतून उचलून आणलेला नारळाचा भुसा, एकात विटांचे तुकडे, एकात बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या मागून आणलेले राखेचे खडे. पहाटे उठून सायकलवर जाऊन आणलेले. अंघोळीचं पाणी त्यांनी अंगावर न घेता या डब्यांत ओतलं होतं. आई बोंब मारत होती.

"आता पाणी निथळू दे," ते म्हणाले. "मग जोखू."

निथळल्यावर जोखलं. काळी माती फुगून डब्याच्या कडेवर आली होती, आणि काट्यावर अशी बसली की काटा वर यायचं नावच घेईना. तो नारळाचा भुसा, काल सगळ्यांच्या हातात बाळासारखा फिरलेला, आज कित्येक पट जड. पाणी पिऊन टम्म. मुरमाचं तर विचारूच नका. विटांच्या तुकड्यांनी पाणी घेतलं, पण बेतानं. राखेचे खडे सगळ्यांत कमी.

"बघितलंस?" अण्णा म्हणाले. "कोरडं वजन खोटं. स्लॅबला पावसातलं वजन झेलायचं असतंय."

एवढं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "पण अण्णा, तुमचा स्लॅब हाय तो. झेलील की."

त्यांनी डबे उपडे करायला सुरुवात केली. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. मी काट्याकडं बघत होते.

मी चेअरमनकडं गेले, भिजलेली वजनं सांगितली. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, ठराव झाला, आता रविवारी श्रमदान, फोटोवाल्याला सांगून ठेवलंय. म्हणाले, "मिस्त्री म्हातारे झालेत. उगं नाहक भ्यायलेत." हे म्हणताना ते त्यांच्या नव्या माडीच्या ओसरीवर बसले होते. माडी तेव्हा नवी राहिली नव्हती, पण गाव तिला अजून नवी माडीच म्हणायचं. बांधली होती आमच्या दूध संस्थेच्याच वर्षी.

रविवारी सगळं गाव घमेली घेऊन आलं. प्रत्येकाला आपल्या रानातली एक एक घमेलं माती आणायची होती, आणि इथं आमच्या लोकांचा स्वभाव आडवा आला. चार लोकांत आपली माती दाखवायची म्हटल्यावर कुणी हलक्यातली, खडीगोट्याची माती आणेल काय? ज्यानं त्यानं रानातल्या सगळ्यांत चांगल्या जागेची, विहिरीजवळची, बापजाद्यांनी गाळ टाकून पोसलेली माती आणली. काहींनी तर घरचं उरलंसुरलं पाणी शिंपडून आणली, काळी दिसावी म्हणून. घमेली शिगोशीग. एका मावशींनी, ज्यांची म्हैस सगळ्यांत कमी दूध द्यायची, सगळ्यांत मोठं घमेलं भरलं होतं. त्यांचं दूध रोज फुटायचं आणि त्या रोज माझ्याकडं बघायच्या, जणू मीच फुंकर मारून फोडलंय.

रांग जिन्यापाशी आली आणि थांबली. बाहेरच्या सिमेंटच्या जिन्यावर, मधल्या पायरीवर, अण्णा बसले होते.

"मिस्त्री, सरका," कुणी तरी म्हणालं.

"न्हाई."

चेअरमन पुढं आले. "कावून न्हाई?"

"भार न्हाई झेपायचा."

"तुमच्याच हातचा हाय न्हवं? पाच गावांत सांगत फिरता गळत न्हाई म्हणून. मग आताच काय झालं?"

अण्णा पाच गावांत काही सांगत फिरायचे नाहीत. लोकच सांगायचे. पण त्यांनी ते खोडलं नाही. फॅट काढणारा मागून म्हणाला, "अय, उठवा बे त्यांना, डोकं दुखायलं ओझ्यानं." लोक हसले. फोटोवाल्यानं त्याच वेळी एक फोटो काढला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गर्दीतून पुढं गेले आणि अण्णांचा दंड धरला. मी म्हटलं, "अण्णा, उठा. लोक हसायलेत. माझी नोकरी हाय इथं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्यावरून मागच्या बायकांकडं. सगळ्यांच्या डोक्यावर घमेली, माना ताठ. त्याच बायका रोज सकाळ-संध्याकाळ त्या स्लॅबखाली रांगेत उभ्या राहायच्या.

"सळई कमी हाय त्याच्यात," अण्णा म्हणाले. "एक घालायची, एक सोडायची, असा टाकलाय मी. नुसतं छप्पर म्हणून उभा हाय. वर ओली माती आली तर खाली येईल."

घमेली डोक्यावर तशीच. मग मावशींनी आपलं घमेलं हळूच जमिनीवर उतरवलं, आणि मग एकेक करून सगळ्यांनी. आणि सगळ्यांच्या माना, कुणी न सांगता, चेअरमनच्या माडीकडं वळल्या. ती जिन्यापासून चांगली दिसते. चेअरमनही तिकडंच बघत होते. मग त्यांनी धोतराचा सोगा नीट केला आणि म्हणाले, "मीटिंग घेऊ."

मला तेव्हा एकदम आठवलं. मी नोकरीला लागले त्या दिवशी अण्णा स्वतः संस्थेत आले होते आणि माझं टेबल भिंतीला, अगदी दाराजवळ सरकवून गेले होते. म्हणाले होते, इथं उजेड चांगला येतो. मी तेव्हापासून त्या दारातून येणाऱ्या धुळीला शिव्या देत बसले होते.

मीटिंग अंगणात झाली. संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदा सगळे संचालक वेळेवर आले आणि एकही आत बसायला तयार नव्हता. मी प्रोसिडिंगचं बुक मांडीवर घेतलं. चेअरमन सांगायला लागले, "लिहा. जुन्या बांधकामातील काही तांत्रिक त्रुटी लक्षात घेता..."

"असं न्हाई," अण्णा म्हणाले. त्या दिवशी त्यांना बोलावलं होतं, पण खुर्ची कुणी दिली नव्हती. "कुणी काय केलं ते लिहा. मी सळई कमी टाकली, हे लिहा. माझं नाव घाला."

चेअरमन म्हणाले, "कशापायी, मिस्त्री? मिटवायचं बघू."

"उद्या दुसरा कुणी येईल, वर टाकी ठेवील. बुकात पाहिजे."

मी लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात, माझ्या वडिलांचं पूर्ण नाव, त्यांनी स्लॅबमध्ये सळई कमी टाकल्याचं मान्य केलं असं. मला राग आला होता, अण्णांचा नाही, समोर बसलेल्या धोतराचा. मी पुढचं वाक्य सुरू केलं. कुणाच्या सांगण्यावरून, हे लिहायला घेतलं. अण्णांनी वाकून बुकावर हात ठेवला. त्यांचा पंजा एवढा मोठा की अर्धं पान झाकलं गेलं.

"त्याचं त्यानं सांगावं," ते म्हणाले. "हात माझे होते."

चेअरमननी नाही सांगितलं. त्यांनी ठरावाखाली सही केली. अध्यक्षाची सही नेहमी खाली शेवटी येते. ती त्यांनी इतक्या सुरेख वळणानं केली की मला बुक त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. अण्णांनी बुकावरून हात काढायला नको होता, की ठेवायलाच नको होता, हे मला आजही ठरवता येत नाही. राग मात्र जसाच्या तसा आहे.

छत शेवटी झालं, आणि अण्णांनीच केलं. खोलीच्या मध्यावर लोखंडी टेकू उभे केले. माती एक घमेलं वर जाऊ दिली नाही, ज्यानं त्यानं आपली पोसलेली माती मुकाट्यानं परत नेली. कारखान्यामागच्या ढिगातले राखेचे खडे आणले, तेही जुन्या बाजूचे. आमच्याकडं पाऊस पडायचा तेव्हाच्या पावसांनी त्यातला खार आधीच धुवून नेला होता, आणि नव्यानं धुवायला आमच्याकडं पाणी नव्हतं. वीटभट्टीवरून तुकडे आणले. अण्णा प्रत्येक तुकड्यावर थापीनं टिचकी मारायचे. खणखणीत वाजला तर ठेवायचा, बद्द वाजला तर फेकायचा, कारण कच्ची वीट दोन पाण्यांत चिखल होते आणि मग आपण पुन्हा मातीवरच आलो. तुकडे हरभऱ्याएवढे फोडून चाळले, भुगा टाकून दिला, कारण भुगा पाणी धरून बसतो. दोन वाटे राखेचे खडे, एक वाटा वीट आणि वरून मूठ-मूठ जुनं शेणखत, तेही छावणीतून मागून आणलेलं. मी म्हटलं, खत जरा जास्त घालू. अण्णा म्हणाले, "या झाडांना लाड न्हाई सोसत." प्रत्येक वेळी डबा भिजवायचा, निथळू द्यायचा आणि मगच जोखायचा. थर भिंतींवर चार बोटं, मध्ये दोन.

बायकांनी पानफुटीची पानं आणली. नुसती वर पसरली, पंधरा दिवसांत कडेनं बारीक पोरं फुटली. चिनी गुलाब मावशींनी लावला. घोळ आपली आपण आली आणि तिची भाजी फॅट काढणाऱ्यानं खाल्ली. दूध फुटायचं थांबलं असं मी म्हणणार नाही. कमी फुटलं. हात वर करून स्लॅबला लावला तर पूर्वी पोळायचा, आता पोळेना. संघाचा माणूस महिन्यानं आला, झाकण उघडलं, वास घेतला आणि काही न बोलता गेला. आमच्याकडं याला पसंती म्हणतात. पेपरात चेअरमनचा फोटो आला, कोरफडीसोबत.

पण बुकात लिहिलेलं बुकात राहत नाही. त्या मीटिंगच्या दुसऱ्याच सकाळी आमच्या दारात लोक उभे. दूध घालायला नव्हे. ज्यांच्या ज्यांच्या घरावर अण्णांचा स्लॅब होता ते सगळे.

"मिस्त्री, आमच्यात किती हाय?"

"पुरी हाय."

"नक्की?"

"पुरी हाय."

असं दिवसभर. अण्णा एकेकाच्या घरी जाऊन छत ठोकून दाखवायचे. लोक मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. दूध घालायला येणाऱ्या मावशींनी खाटा अंगणात काढल्या. एका बहाद्दरानं तर खात्री करायला स्वतःच्याच स्लॅबला पहारीनं भोक पाडलं. सळई सापडली, अगदी मापात. मग त्या भोकातून ऊन घरात यायला लागलं, धूळ पडायला लागली, आणि तो अण्णांवर चिडून आला की तुमचा स्लॅब गळायला लागला. अण्णांनी ते भोक बुजवून दिलं. मी हसत हसत जमिनीवर लोळले. अण्णाही हसले असतील असं मला वाटलं.

त्या वर्षी त्यांना एकही स्लॅबचं काम मिळालं नाही. पुढच्या वर्षीही नाही. लोक आष्टीहून मिस्त्री आणायचे, ज्याचा स्लॅब हमखास गळतो असा. पण त्यानं कधी काही कबूल केलेलं नव्हतं.

अशाच एका दुपारी आम्ही घरात बसलो होतो. अण्णा थाप्या, रंधे, ओळंबा असं सगळं समोर मांडून फडक्यानं पुसत होते. काम नसलं तरी ते हत्यारं पुसायचे. आई माजघरात होती. मी चहा पीत वर बघितलं, सहज. आमचं घरही त्यांनीच बांधलेलं. मी म्हटलं, "अण्णा, आपल्यात तर पुरी हाय ना?"

मी गमतीनं म्हटलं होतं. निदान मला तसंच वाटत होतं. अण्णांचा हात फडक्यावर थांबला. या वेळी मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग त्यांनी समोरच्या हत्यारांतून छिन्नी आणि हातोडी उचलली, नीट पुसली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"बघ फोडून," ते म्हणाले.

मी फोडलं नाही. पण मी विचारलं होतं.